पायवाटेवरची साधना : पंडिता रमाबाई यांचे जीवन

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• पंडिता रमाबाई यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• बालपणातील पायी तीर्थयात्रा आणि दुष्काळाचा अनुभव यांचा त्यांच्या धर्मविचाराशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• त्यांचे धर्मांतर आणि मुक्तिसदनाचे कार्य यांचा परस्परसंबंध विशद करता येईल.
• आत्मनिवेदनपर लेखन चरित्राचे साधन म्हणून कसे वाचावे, याविषयी आपले मत मांडता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, पायी यात्रा ही तुमच्या परिचयाची गोष्ट आहे. तुमच्यापैकी जे यवतमाळ जिल्ह्यात राहून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत, त्यांनी कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायी जाणारी माणसे पाहिली असतील, वणीच्या रंगनाथस्वामींची यात्रा अनुभवली असेल, आषाढीपूर्वी पंढरपूरच्या वाटेला लागणाऱ्या दिंड्यांना निरोप दिला असेल. कोरडा हंगाम, नापिकी, कर्ज आणि घरातला कर्ता गेल्यावर बाईमाणसावर येणारा भार, या गोष्टीही या जिल्ह्याला पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. अशा काळात माणूस देवाकडे वळतो. कधी तो देवाला जाबही विचारतो.

मराठी ख्रिस्ती साहित्यात प्रवासाची कल्पना आरंभापासून दिसते. जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचा हरि केशवजी यांनी केलेला अनुवाद ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ साली प्रसिद्ध झाला. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत विधवांची दुःखे प्रवासाच्या निमित्तानेच वाचकांसमोर येतात. या दोन्ही ग्रंथांत यात्रा ही लेखकाने योजलेली रचना आहे. या घटकात आपण जिचे जीवन अभ्यासणार आहोत, त्या स्त्रीने मात्र आयुष्याची पहिली वीस वर्षे खरोखरच वाटेवर काढली. आई, वडील आणि बहीण तिने त्या वाटेवरच गमावली. पुढे ती ख्रिस्ती झाली, तीर्थस्थानांवरचा तिचा विश्वास राहिला नाही, तरी वाटेवर जे शिकली ते तिने टाकले नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचणे, हे या घटकाचे सूत्र आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ वेताच्या पेटीतून सुरू झालेली यात्रा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यमय स्थानी झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडील माळहेरंजी गावचे, संस्कृत विद्येत पारंगत असे ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास विद्याध्ययनासाठी आले होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांच्या मनात जी इच्छा निर्माण झाली, ती त्यांनी पुढे आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवून पुरी केली. त्याबद्दल त्यांना धर्मसभेपुढे आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. लोकनिंदेपासून दूर, अरण्यात आश्रम करून राहण्यामागे हेही एक कारण होते.

आश्रमात विद्यार्थी आणि अतिथी यांचा राबता असे. त्या खर्चात संपत्ती आटली. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणण्यात आले. तेथून या कुटुंबाची वर्षानुवर्षे चाललेली तीर्थयात्रा सुरू झाली.

ही यात्रा कशी चाले, हे नीट समजून घ्या. एखाद्या क्षेत्राच्या गावी पोहोचावे, स्नान व देवदर्शन करावे, देवळाच्या आवारात किंवा झाडाखाली बसून पुराण वाचावे. श्रोते फुले, फळे, धान्य, वस्त्र, थोडे पैसे ठेवीत, त्यावर निर्वाह होई. भिक्षा मागायची नाही आणि मजुरी करायची नाही, हा कुलाचा नेम होता. हाती जे येई त्यातून पुन्हा दानधर्म होई. काही काळाने पुढच्या क्षेत्राची वाट धरायची. या भ्रमंतीतच लक्ष्मीबाईंनी लेकीला पहाटे संस्कृत शिकवले. शाळा नाही, पाटी नाही, घरही नाही, अशा स्थितीत या मुलीने भागवत मुखोद्गत केले. नोकरी, शेती व संसार सांभाळून पहाटे अभ्यासाला बसणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना या शिक्षणपद्धतीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

५.२.२ दुष्काळ आणि मौन पाळणारे देव

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत धान्य महागले, पाऊस लांबला आणि पुराण ऐकणारा श्रोता स्वतःच उपाशी राहू लागला. श्रोत्याच्या दानावर जगणाऱ्या कुटुंबाचा आधार त्याबरोबर तुटला. आधी दागिने गेले, मग चांगली वस्त्रे, मग तांब्यापितळेची भांडी. उरलेला पैसा देवकार्यात आणि ब्राह्मणभोजनात खर्च झाला, कारण देव प्रसन्न झाले तर संकट टळेल अशी श्रद्धा होती. व्रते झाली, जप झाले, नवस झाले.

अखेर धान्याचा शेवटचा दाणा संपला. तिरुपतीच्या परिसरातील रानात या कुटुंबाने अकरा दिवस केवळ पाणी, झाडांचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. त्यांनी एकेकाचा निरोप घेतला. धाकट्या लेकीला जवळ घेऊन त्यांनी प्रामाणिकपणे जगण्याचा आणि देवाची सेवा करण्याचा उपदेश केला. त्या क्षणी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. कुलाचा अभिमान सोडून आपण मजुरी करू, असे त्याने सांगितले आणि वडिलांचा निश्चय मोडला. परंतु उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले. सुमारे दीड महिन्याने आई गेली.

आईच्या शेवटच्या आजारातील एक प्रसंग रमाबाईंनी पुढे लिहून ठेवला आहे. भुकेने व्याकूळ आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला ही पंडिताची मुलगी शेजारच्या दारात उभी राहिली. हजारो श्लोक म्हणणाऱ्या तिच्या मुखातून मागण्याचा एक शब्द फुटेना, डोळे मात्र वाहू लागले. त्या गृहिणीने ओळखले आणि बाजरीची भाकरी दिली. आईला ती खाता आली नाही. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, म्हणून मुलीनेच त्या भाराखाली आपले अंग दिले. उंची कमी असल्याने तिला तो भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीणही दगावली.

या प्रसंगांतील दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, या कुटुंबाने धर्माचरणात कसूर केली नव्हती. रमाबाईंच्या मनातील प्रश्न नास्तिकाचा नव्हता, सर्व नेम पाळलेल्या श्रद्धावंताचा होता. दुसरी, उपासमारीच्या मुळाशी केवळ अवर्षण नव्हते. शरीरश्रम हलके मानण्याच्या संस्कारामुळे शिकलेली, धडधाकट माणसे काम करून पोट भरू शकत नव्हती. पुढे मुक्तिसदनात प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवण्याचा जो आग्रह दिसतो, त्याचे बीज येथे आहे.

५.२.३ दोघा भावंडांची पदयात्रा

उरली श्रीनिवास आणि रमा ही भावंडे. त्यांनी यात्रा सोडली नाही. दक्षिणेतून उत्तरेकडे, पंजाब व काश्मीरपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे बंगालपर्यंत ती चालत राहिली. रमाबाईंच्या हिशेबाने ही पायपीट सुमारे चार हजार मैलांची होती. अन्न म्हणजे बहुधा भिजवलेले धान्य आणि मीठ. अंगावर पुरेशी वस्त्रे नाहीत, पायांत जोडे नाहीत. झेलमच्या काठी थंडीने रात्र काढणे अशक्य झाले, तेव्हा भावंडांनी नदीच्या वाळूत दोन खड्डे केले, त्यांत झोपून डोके सोडून सर्वांग वाळूने झाकून घेतले.

या वाटेवर त्यांनी स्त्रीजीवनाचे जे दर्शन घेतले, ते शहरातील सुधारकांना दुर्मीळ होते. क्षेत्राच्या गावी टाकून दिलेल्या विधवा, बालपणीच वैधव्य आलेल्या मुली, अक्षरओळख नाकारलेल्या स्त्रिया त्यांना घाटावर, धर्मशाळेत, देवळाच्या पायरीवर भेटत गेल्या. जेथे पुण्य मिळते असे ऐकले, तेथे या स्त्रियांना मात्र निवारा मिळत नव्हता. हळूहळू भावंडांची क्षेत्रांवरची श्रद्धा ओसरली. पण ज्या देवाची सेवा करण्याचा उपदेश वडिलांनी केला, तो देव कोठे आहे, हा प्रश्न ओसरला नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) डोंगरे कुटुंबाचा निर्वाह कशावर चालत असे?
(आ) श्रीनिवासाने जलसमाधीच्या प्रसंगी कोणता निर्णय घेतला?
(इ) तीर्थक्षेत्रांतील कोणते दृश्य भावंडांच्या मनावर परिणाम करून गेले?

५.२.४ कलकत्ता, आसाम आणि पुणे

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या, अविवाहित, अस्खलित संस्कृत बोलणाऱ्या या तरुणीची तेथील विद्वानांनी परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. कलकत्त्यातच त्यांनी प्रथम ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेली माणसे पाहून ती खुर्च्यांचीच पूजा करीत असावीत, असे या नवागत भावंडांना वाटले. त्याच सुमारास त्यांच्या हाती संस्कृत बायबल आले. ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंना वेदाची प्रत भेट दिली. स्त्रीला वेदाधिकार नाही, असे आजवर ऐकत आलेल्या रमाबाईंना तो मोठा धक्का होता. स्त्रियांविषयी लोकांपुढे व्याख्याने देता यावीत म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. स्त्री आणि शूद्र यांना स्वबळावर मोक्ष नाही, याविषयी एरवी परस्परविरोधी असलेले ग्रंथ एकमताने बोलतात, असे त्यांना आढळले.

१८८० साली श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा आंतरजातीय व आंतरप्रांतीय विवाह होता. आसामातील सिल्चर येथे १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला. तेथेच पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबूंना पटकीने मृत्यू आला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. ज्या स्त्रियांचे दुःख त्यांनी वाटेवर पाहिले होते, त्यांच्यात आता त्या स्वतः होत्या.

तान्ह्या लेकीसह त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ आणि हंटर आयोगापुढील साक्ष ही त्या एका वर्षातील कामे होत. साक्षीत त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-वैद्य तयार करण्याची मागणी केली. वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचा खर्च मुख्यतः आपल्या ग्रंथाच्या उत्पन्नातून भागवावा, ही त्यांची जिद्द होती.

५.२.५ विहिरीजवळचा थकलेला वाटसरू

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाकडे राहिल्या. संघाच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळील फुलहॅम येथील आश्रम दाखवला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे पुन्हा उभे केले जात होते. टाकलेल्या स्त्रियांविषयी असा आदर रमाबाईंनी यापूर्वी कोठे पाहिला नव्हता. त्याचे मूळ कशात आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट थोडक्यात अशी. पायी प्रवासाने थकलेला येशू दुपारच्या वेळी विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या एका स्त्रीकडे पाणी मागतो. ती हीन मानल्या गेलेल्या समाजातील आहे, तिचे पूर्वायुष्य लोकनिंदेस पात्र ठरलेले आहे. ती विचारते की, उपासना कोणत्या स्थळी करावी, आमच्या डोंगरावर की यरुशलेमात? तो सांगतो की, खरी उपासना स्थळाशी बांधलेली नाही, ती आत्म्याने व सत्याने होते.

ही कथा रमाबाईंना का भिडली असेल, याचा तुम्ही स्वतः विचार करा. चार हजार मैल चाललेल्या या स्त्रीपुढे ग्रंथातून आलेला देव स्वतःच वाटसरू होता, तहानलेला होता आणि एका बाईकडे पाणी मागत होता. क्षेत्र कोणते श्रेष्ठ, हा तिच्या वडिलांच्या यात्रेमागील प्रश्न त्याने बाजूला सारला होता. शिवाय हा गहन धर्मविचार त्याने विद्वानांच्या सभेत न सांगता समाजाबाहेर ढकललेल्या स्त्रीला सांगितला होता. स्त्रीला मोक्षाचा अधिकार आहे का, या कलकत्त्यात सुरू झालेल्या शोधाला येथे उत्तर मिळाले, अशी त्यांची धारणा झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यातील फादर नेहेम्या गोरे या महाराष्ट्रीय ख्रिस्ती पंडितांशी झालेल्या चर्चेचाही या निर्णयात वाटा होता.

परंतु बाप्तिस्म्याने त्यांचा शोध थांबला नाही. चर्चची जी मते बुद्धीला पटली नाहीत, ती मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. क्रुसावरील लॅटिन अक्षरांना त्यांनी हरकत घेतली. एका परकी पवित्र भाषेच्या सत्तेतून सुटून दुसरीच्या सत्तेखाली जाणे त्यांना मान्य नव्हते. शाकाहार आणि साधा भारतीय पोशाख त्यांनी कायम ठेवला. पुढे सुमारे आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडायचा राहिलाच होता, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली आणि अधिक अंतर्मुख अशा भक्तीकडे त्या वळल्या.

५.२.६ अमेरिका आणि शारदासदन

१८८६ साली आपल्या नातलग आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला (१८८७) आणि विधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळवले. त्यांचे मराठी प्रवासवर्णन ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली प्रसिद्ध झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई या बालविधवा होत्या. त्यांचा पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. सदनात धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते, पण रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. १८९३ साली यावरून मोठा वाद झाला. सल्लागार मंडळातील सुधारकांनी संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद एकतर्फी वाचू नका. पालकांनी शिक्षणासाठी मुली सोपवल्या होत्या, त्यांची भीती निराधार नव्हती. आपल्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिकाही विवेकस्वातंत्र्याची होती.

५.२.७ पुन्हा वाटेवर

विधवांचा शोध घेण्यासाठी रमाबाई यात्रेकरू बाईच्या वेषात वृंदावनास गेल्या. भावाबरोबर ज्या प्रकारच्या धर्मशाळांत त्या राहिल्या होत्या, तेथेच पुन्हा मुक्काम केला. या वेळी देवदर्शन हा हेतू नव्हता. क्षेत्रात अडकलेल्या, पिळल्या जाणाऱ्या विधवांची स्थिती जवळून पाहणे, हा हेतू होता.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपाशी लोकांच्या बातम्या कानी येताच रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत अनाथ मुली व तरुण विधवा दुष्ट लोकांच्या हाती पडत असल्याचे त्यांनी पाहिले. बावीस वर्षांपूर्वीची आपलीच मूर्ती त्यांना त्या प्रत्येक मुलीत दिसली, असे त्यांच्या दुष्काळविषयक लेखनातून जाणवते. सुमारे तीनशे जणींना आश्रय देण्याचा त्यांनी संकल्प केला. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून दौंड तालुक्यातील केडगाव येथील आपल्या जमिनीवर त्यांनी या मुलींना नेले. तेथे मुक्तिसदन उभे राहिले.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडलाही ग्रासले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. त्याच काळात गुजरातेतून मोठ्या संख्येने मुली केडगावी आल्या आणि सदनातील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. येथे शेती, विणकाम, तेलघाणा, शिवण, छपाई अशी कामे चालत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. मजुरीला हलके मानण्याच्या संस्काराने ज्यांचे घर उपाशी मेले, त्या बाईने येथे श्रमाला उपासनेचे स्थान दिले. १९०५ साली सदनात झालेल्या भावोत्कट धार्मिक जागृतीची दखल ख्रिस्ती जगात दूरवर घेतली गेली.

या कार्यावर आक्षेपही आले. दुष्काळात अन्नाबरोबर धर्म दिला जातो, ही टीका तेव्हा झाली आणि आजही होते. भुकेलेल्या बालिकेची निवड कितपत स्वतंत्र मानावी, हा प्रश्न गंभीर आहे. त्याच वेळी, त्या मुलींसमोर दुसरा निवारा कोणता होता, हाही प्रश्न तितकाच गंभीर आहे. उत्तर लिहिताना दोन्ही प्रश्न समोर ठेवा.

५.२.८ साध्या बायकांसाठी ग्रंथ

आयुष्याची शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील स्त्रीला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृत पंडिता म्हणून कीर्ती मिळवलेल्या विदुषीने बोलीजवळची मराठी निवडावी, यातील अर्थ मराठीच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावा. हे भाषांतर सदनातील स्त्रियांच्याच हातांनी खिळे जुळवून छापले गेले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचा मृत्यू झाला. आपल्या माघारी काम पाहील अशी जी एकुलती लेक, तीच आधी गेली. ऐकू येणे मंदावलेल्या, थकलेल्या रमाबाईंनी भाषांतराचे काम तरीही पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला.

५.२.९ मूल्यमापन

रमाबाईंच्या पदयात्रेची हकीकत मुख्यतः त्यांच्याच नंतरच्या लेखनातून आपल्याला मिळते. ती लिहिली तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या होत्या आणि वाचकही बहुतांशी ख्रिस्ती होते. मागे वळून पाहताना माणूस आपल्या वाटेला दिशा देतो, हे अशा आत्मनिवेदनांबाबत लक्षात ठेवले पाहिजे. अनुभव सोसताना त्यात दिशा दिसतेच असे नाही. म्हणून घटना आणि घटनेचा लावलेला अर्थ वेगळा करून वाचण्याची सवय लावा.

तरी एक गोष्ट घटनांवरूनच सिद्ध होते. पहिल्या दुष्काळात त्या वाटेवर होत्या, कारण देवाची कृपा पुढच्या क्षेत्री मिळेल अशी घराची श्रद्धा होती. दुसऱ्या दुष्काळात त्या स्वतःहून वाटेवर उतरल्या, कारण कृपा पोहोचवणे हे आपले काम आहे, असे त्यांना वाटत होते. पहिल्या यात्रेने दिलेला प्रश्न दुसऱ्या यात्रेने पुरता सुटला, असे म्हणता येणार नाही. आईला खाता न आलेली ती भाकरी मात्र त्यांनी पुढे हजारो मुलींच्या पानात वाढली.

५.३ सारांश

पंडिता रमाबाईंचे बालपण आई-वडिलांबरोबर पायी तीर्थयात्रेत गेले. दुष्काळात आई, वडील व बहीण गमावल्यानंतर भावासह त्यांनी देशभर पदयात्रा केली. या अनुभवातून तीर्थमाहात्म्य, श्रमप्रतिष्ठा आणि स्त्रीचा मोक्षाधिकार यांविषयी त्यांचे प्रश्न घडले. शोमरोनी स्त्रीच्या कथेत त्यांना उत्तराची दिशा दिसली व १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शारदासदन, दुष्काळातील मदतकार्य, मुक्तिसदन आणि बायबलचे सोपे मराठी भाषांतर ही त्या वाटेचीच पुढची वळणे होत.

५.४ शब्दार्थ

जलसमाधी – पाण्यात देहत्याग करणे.
शुभवर्तमान – येशूचे चरित्र व उपदेश सांगणारा बायबलमधील ग्रंथ.
शोमरोनी – पॅलेस्टाईनमधील एका समाजाची व्यक्ती, ज्यू ज्यांना हीन लेखीत.
खिळे – छपाईसाठी वापरली जाणारी धातूची अक्षरे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) पुराणवाचनानंतर श्रोत्यांनी दिलेल्या दानावर.
(आ) कुलाभिमान सोडून मजुरी करण्याचा.
(इ) क्षेत्राच्या ठिकाणी निराधार होऊन पडलेल्या विधवांचे व शिक्षणापासून वंचित स्त्रियांचे.

५.६ स्वाध्याय

१. रमाबाईंच्या धर्मविचारावर दुष्काळाच्या अनुभवाचा कोणता परिणाम झाला, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. शोमरोनी स्त्रीची कथा आणि तीर्थयात्रेची कल्पना यांतील संबंध विशद करा.
३. शारदासदनाच्या वादातील दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.

उपक्रम : तुमच्या गावातून पायी यात्रेला जाणाऱ्या एखाद्या वयस्क स्त्रीशी बोला. ती का चालते, अडचणीच्या वर्षी तिने यात्रा केली का आणि परतल्यावर तिला काय वाटले, हे तिच्या परवानगीने तिच्याच बोलीत दीड-दोन पानांत लिहून काढा. लिहिताना तिचे म्हणणे आणि तुमचा अर्थ वेगवेगळा ठेवा.